मुंगी काही सोडत नाही

ज्या बाईने एका दांडगट कुत्र्याच्या जबड्यातून पोस्टमनची पँट, पोस्टमनसकट, सुखरूप सोडवली होती, ती दोन दातांना काय भिणार?

निदान मास्तरीणबाईंचं तरी असंच म्हणणं होतं. घरामागच्या अंगणात त्या कुत्र्यांना शिस्त लावायचे वर्ग घ्यायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची. बस, थांब, चल आणि सोड, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. त्यातला 'सोड!' खास त्यांचा. बेंबीच्या देठापासून असा काही निघायचा, की कुत्र्याच्या तोंडातली चप्पल तिथल्या तिथे जमिनीवर! बाळंतपणानंतर वर्ग बंद होते, पण आवाज शाबूत होता.

लेक जन्मली तेव्हा इवलीशी होती, म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे. सातव्या महिन्यात खालचे दोन दात आले आणि तिने नावाचं सार्थक केलं! दूध पितापिता, आईच्या डोळ्यांत डोळे घालून, ती कचकन चावायची.

"बाटली लाव आता," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातून चांगली जाड काचेची बाटली घेऊन आल्या. ती स्वयंपाकघराच्या फळीवर अशी विराजमान झाली, की येताजाता नजर तिच्यावरच पडावी.

मास्तरीणबाईंना बाटली नको होती. दिवसभर मुंगी सगळ्यांची असायची. आजीच्या मांडीवर, बाबाच्या खांद्यावर, शेजारणीच्या कडेवर. दूध पिताना मात्र ती फक्त त्यांची असायची, त्यांचं एक बोट मुठीत घट्ट धरून. हे इतक्यात संपणार, असं मनात आलं तरी त्यांना भरून यायचं. अर्थात हे कुणाला सांगायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी पैज लावली!

"रविवारी वर्ग पुन्हा सुरू होतोय. तोवर हिचं चावणं बंद नाही केलं, तर लावते बाटली! इतकी कुत्री सुधारली, पोटची पोर नाही सुधारणार?"

"ती कुत्रं नाहीये गं," नवरा हळूच म्हणाला.

"तत्त्व एकच असतं!"

पहिला धडा त्याच दुपारी झाला. मुंगी चावली. मास्तरीणबाईंनी दम घेतला आणि गर्जना केली, "सोड!"

दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याने, म्हणजे हवालदाराने, तोंडातला चेंडू सोडला. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून डब्याचं झाकण पडलं. नवऱ्याच्या हातून चहाचा कप सुटला, तो थेट त्याच्याच पायावर. घरात सोडलं नाही ते फक्त मुंगीने! दात तसेच रोवून ती गालातल्या गालात हसली.

"सुरुवातीला वेळ लागतो," मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या.

वेळ लागत गेला आणि घरातली भांडी कमी होत गेली. सासूबाई लवकरच सरावल्या, नवरा काही सरावेना. त्याने दाढीचा आरसा सोडला. मोबाइल सोडला, तोही बादलीत! "मी तरी काय करू? तो आवाज आला की हात आपोआप सुटतो!" असं तो कळवळून म्हणाला, तेव्हा सासूबाई का कोण जाणे तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागल्या. शेवटी बिचारा जमिनीवर बसून चहा पिऊ लागला. पडलाच कप, तर फार उंचावरून पडायला नको.

रविवार उजाडला. अंगणात आपापली कुत्री घेऊन नवे शिष्य जमले. दातांचे डॉक्टर एका काळ्याकभिन्न धुडाबरोबर आले होते. निवृत्त मुख्याध्यापकांकडे कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू होतं आणि शिंपीणबाईंकडे दोन भांडकुदळ जुळे. मास्तरीणबाईंनी कंबरेवर हात ठेवून भाषण ठोकलं.

"इथे कुत्र्यांच्या आधी मालक शिकतात! माझा हुकूम आला की पाळायचा. का, कशाला, विचारायचं नाही!"

मुख्याध्यापकांनी तर मान डोलावून "उत्तम! उत्तम!" असं दोनदा म्हटलं. तेवढ्यात आत मुंगी रडली. "आलेच हं," म्हणून मास्तरीणबाई आत गेल्या आणि अंगणाकडच्या खिडकीशी शाल पांघरून बसल्या. स्वयंपाकघरात सासूबाईंनी मुलाला बाटली घासायला बसवलंच होतं.

आणि काय आश्चर्य! मुंगी शहाण्यासारखी पीत होती. पीतच होती! मास्तरीणबाईंची छाती अभिमानाने फुगली.

"आई, बघितलंत? शिकली की नाही पोर?"

कचकन!

"सोऽऽऽड!"

स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज झाला. बाटली गेली. पण खिडकी उघडी होती! अंगणातल्या आज्ञाधारक मालकांनी, का, कशाला, न विचारता, हातातले पट्टे एकदम सोडून दिले.

पुढचं काय सांगावं! काळं धूड डॉक्टरांना आडवं पाडून कुंड्यांमधून पसार झालं. जुळ्यांपैकी एकाने पूर्व धरली, दुसऱ्याने पश्चिम, आणि शिंपीणबाई मध्येच गरगर फिरू लागल्या. कापसाचा बोळा दोरीवर वाळत घातलेल्या चादरीत शिरला आणि चादर घेऊनच पळाला. मुख्याध्यापक तेवढे जागच्या जागी ताठ उभे होते.

"बाई, सोडलं! आता पुढे?"

शाल सावरत मास्तरीणबाई बाहेर धावल्या. मुंगी अजून चावलेलीच! "धरा! अहो, धरा!" त्या किंचाळल्या. हा हुकूम मात्र सगळ्यात आधी मुंगीने पाळला.

तेवढ्यात तिला दिसली ती चादर. खाली चार इवले पाय फुटलेली, अंगणभर सैरावैरा धावणारी! मुंगी खदखदून हसली, आणि हसताना तोंड उघडलं. सुटल्या बिचाऱ्या!

कुंड्यांच्या मातीत बसलेल्या दातांच्या डॉक्टरांनी मान वर करून त्या उघड्या तोंडात डोकावून पाहिलं. "अभिनंदन, बाई! वरचेही दोन येतायत. चांगले मजबूत वाटतात!"

शेवटचं कुत्रं सापडेस्तोवर संध्याकाळ झाली. मास्तरीणबाई हिरमुसून बसल्या होत्या. बाटली फुटली म्हणून काय झालं, दुकानं काही बंद झाली नव्हती. मुंगीला घेताना त्यांचे डोळे भरून आले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मुंगीला चघळायला दिलं. हिरड्या शांत झाल्यावर म्हणाल्या, "आता घे. आणि लक्ष ठेव. गिळायची थांबली की पोट भरलं, आता खेळ सुरू होणार. चावते ती तेव्हा."

मुंगी पिऊ लागली. गिळणं थांबताच सासूबाईंनी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून अलगद बोट सरकवलं आणि मुंगी सुटली! ना दात, ना आरडाओरड.

मास्तरीणबाई बघतच राहिल्या. "आई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तू तर शिकवत होतीस."

"मग ती बाटली?"

"ती बघून तरी विचारायला येशील, असं वाटलं होतं. कसली येतेस!"

मास्तरीणबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पण तुम्हाला हे सगळं..."

सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे नवरा काचा सुपलीत भरून उभा राहत होता. "हाही असाच चावायचा. मीही आधी तुझ्यासारखीच घसा फोडायचे. पण या बहाद्दराने एकदा तरी सोडलं असेल तर शपथ!"

"म्हणजे तुम्हीही तेच ओरडायचात?"

"तेच की!" आणि नमुना दाखवायला सासूबाईंनी बेंबीच्या देठापासून आवाज काढला, "सोड!"

स्वयंपाकघरात सुपली पडली. सगळ्या काचा पुन्हा खळ्ळकन जमिनीवर!

"उपयोग होतो गं," सासूबाई म्हणाल्या. "जरा उशिरा होतो, इतकंच."