यीस्टचा उपास

वाइन करणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! मध, पाणी, यीस्ट. बरणीला बूच लावलं की विषय संपला.

"रविवारी घर बघायला गिऱ्हाईक येतंय," बायको म्हणाली. "हे विकलं तरच नवं घर मिळणार आहे आपल्याला. आत्ता कसले उद्योग काढतोस?"

"अगं, काम यीस्ट करतं. आपण नुसती वाट बघायची!"

शुक्रवारी सकाळी घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. बायकोनं फ्रिज उपसला. मी आमच्याकडेच राहणाऱ्या सासऱ्यांकडे संशयानं पाहिलं. ते माझ्याकडे तसंच बघत होते! शेवटी प्लंबर आला, नाक वर करून सगळीकडे फिरला आणि म्हणाला, "फरशीखालचा पाइप फुटलाय." दुपारपर्यंत बाथरूममध्ये म्हैस बसेल एवढा खड्डा! पाइप ठणठणीत निघाला.

मग सासरे हुंगत हुंगत माझ्या बरणीपाशी येऊन थांबले. "जावईबापू, हे तुमचंच!"

मी यीस्टवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"सोबतची पुडी घातलीत ना?" त्यानं विचारलं.

"ती ओल शोषणारी? ती बुटांच्या कपाटात ठेवली."

"अहो, तो यीस्टचा खुराक! मधात साखर रग्गड, पण नायट्रोजन नावालाच. तो कमी पडला की यीस्ट असला घाण वायू सोडतं."

मला भारीच मौज वाटली. डोळ्यांना न दिसणारा जीव, पण जेवायला उशीर झाला की सगळ्या घराला कळवतो! आमच्याकडे ही पद्धत फक्त सासऱ्यांची आहे, असा माझा समज होता.

"आता थोडी थोडी, पाण्यात कालवून..." दुकानदार सांगत होता. तोवर मी पुडी आणून अख्खी कोरडीच ओतली होती. बरणी एकदम फसफसली आणि फेस थेट छताला!

रविवारपर्यंत वास मात्र पार गेला. गिऱ्हाईक आलं. त्यांनी छतावरचे पिवळे डाग पाहिले, मग बाथरूमचं दार उघडलं.

"हा खड्डा कसला?"

"वास येत होता, म्हणून खणला," बायकोनं खरं सांगून टाकलं. "आता अजिबात येत नाही. बघा, चांगला लांब श्वास घेऊन बघा!"

"ताई, मला दोन वर्षं झाली, कसलाच वास येत नाही," ते बाहेरच्या दाराकडे वळत म्हणाले. "डोळ्यांना मात्र सगळं स्वच्छ दिसतं!"