चाराचे चौदा

वासणा भागातल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत गुणवंतराव नऊ दिवस राजासारखे राहत होते. थायरॉईडवर डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडीन दिलं आणि वर पथ्याचा कागद: 'घरच्यांपासून ४ दिवस लांब राहावे.' दवाखान्यातून येताना रिक्षातच गुणवंतरावांनी चारच्या आधी एक काढला. झाले की चौदा! भाजी आणणं बंद, चहा जागेवर, पेपर सगळ्यांत आधी त्यांना.

नवव्या दिवशी लेकीला, मुग्धाला, बघायला पाहुणे आले. स्थळ नामी, आणि मुख्य म्हणजे मुलगा पोरीच्या मनात भरलेला.

"त्या आयोडीनचं नावसुद्धा काढू नका," बायकोने, वत्सलाबाईंनी, आधीच बजावलं होतं. "किरणं सोडणारा सासरा कोणाला हवाय?"

आता आली का पंचाईत! जवळ बसावं तर बायकोपुढे बिंग फुटणार, लांब बसावं तर पाहुण्यांना काय वाटेल? मुलाची आई अहल्याबाई बोलायला खुर्ची पुढे सरकवायच्या, की हे मागे. शेवटी मुलगा, देवेंद्र, नमस्काराला वाकला. गुणवंतरावांनी पाय उचलले आणि थेट गॅलरी गाठली!

अहल्याबाईंनी बटाट्याच्या ओलसर लीलो चिवड्याची बशी खाली ठेवली. "आमच्या मुलाचा नमस्कारही चालत नाही? ऊठ रे, देवेंद्र!"

मुग्धाचे डोळे भरले. गॅलरीतून गुणवंतरावांनी ते पाहिलं.

देवेंद्र मात्र त्यांच्यामागे गॅलरीत आला होता. दारामागे चिकटवलेला पथ्याचा कागद वाचून म्हणाला, "काका, आयोडीन ना? मी कोयलीच्या तेल कारखान्यात असल्याच किरणांनी पाइपांचे जोड तपासतो. कामाला फार उपयोगी, पण गाफील राहिलं की हात भाजलेच. म्हणून असले कागद मी नीट वाचतो. यातला चार काळा, एक निळा कसा?"

"चारच होते रे," गुणवंतराव पुटपुटले. मग तरातरा आत जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर सगळं ओकून टाकलं.

अहल्याबाई खो-खो हसत सुटल्या. "म्हणजे ताठा नाही, आळस! मग जमलं. आमच्या घरीही एक आहेत असे."

'आवजो, आवजो' असा गुजराती निरोप घेत पाहुणे गेले. गुणवंतराव उशी घेऊन आत निघाले.

"कुठे?" वत्सलाबाईंनी अडवलं. "ती निळी शाई मला पाचव्याच दिवशी दिसली होती. म्हटलं, पाहुण्यांसमोर तरी नाटक सोडाल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या घोरण्याशिवाय काय छान झोप लागते हो! लिहिलेत ना चौदा? मग चौदा पुरे करा."

उशी गॅलरीत परत गेली. सोबत भाजीची पिशवीही.