शिवणीत गेलेलं वाळवंट

प्रवास आखायला अक्कल लागते आणि ती आपल्याकडे भरपूर आहे, याबद्दल टेलरमास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांची थोरली बहीण खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. बारा वर्षांत भेट नव्हती. आता तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि फोनवर तिने एकच मागितलं होतं, पट्टी सुटेल तेव्हा समोर तू हवास.

मास्तरांनी कंबर कसली! खंडाच्या नकाशाचे चार मोठे ताव आणले, मशीनवर एकमेकांना जोडले, मागून अस्तर लावलं आणि कटिंगच्या टेबलावर पसरले. दोन-तीन रस्ते जोडावर जुळेनात, ते छापणाऱ्याला चार शिव्या घालून पेन्सिलीने सांधून टाकले. मग टेप लावून अंतरं मोजली. रोज दुपारी गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून ते नकाशावर ओणवे व्हायचे. या गवताळ माळावर घरं कशाची बांधत असतील, ती नदी हिवाळ्यात गोठत असेल का, असल्या प्रश्नांनी त्यांनी बायकोला भंडावून सोडलं. तिने एकदाच विचारलं, एवढा मोठा खंड सहा दिवसांत ओलांडता येतो? मास्तर म्हणाले, नीट आखलं की येतो.

तिकीट खिडकीवरच्या कारकुनाने त्यांचा कागद दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"या स्टेशनवर उतरून पुढच्या गावाहून बस पकडणार. मधे वेळ किती धरलाय?"

"अर्धा तास. सामान आहे म्हणून. नाहीतर वीस मिनिटांत चालत जाईन."

"मधे चारशे किलोमीटर वाळवंट आहे, साहेब."

मास्तर हसले. कारकुनाने आपला नकाशा पुढे केला. मास्तरांनी खिशातला टेप काढून तो उभा-आडवा मोजला आणि तुमचा नकाशा अंगात सैल झालाय, असं निदान केलं. मागची रांग कुरकुरू लागली, पण कारकून बधेना. शेवटी मास्तरांनी काखेतला आपला नकाशा उलगडला. त्यांचा हात जोडावरून फिरला आणि तिथेच थांबला.

तीस वर्षांची सवय! दोन तुकडे जोडायचे म्हणजे दोन्ही कडा इंच-इंच शिवणीत घ्यायच्या. इथे इंचाला दोनशे किलोमीटर होते.

घरी येऊन नवराबायको उसवायला बसले. पहिल्या शिवणीतून वाळवंट निघालं. दुसरीतून डोंगररांग निघाली, तिच्यावरून मोटार आठवड्यातून दोनदाच जायची. तिसरीत अख्खं सरोवर होतं, त्याची बोट फक्त सोमवारी. सरोवरात बेट होतं. त्यावर कोण राहत असेल, यावर दोघं रंगून बोलत बसले. मग मास्तरांनी हिशेब पुन्हा मांडला आणि त्यांचा चेहरा उतरला. सहाचे चौदा दिवस झाले होते.

त्यांनी फोन लावला.

"ताई, मला आठ दिवस उशीर होणार गं. पट्टी सुटताना मी नसेन."

"असशील की. मी तुला बोलावलं तेव्हाच डॉक्टरांकडून दहा दिवस पुढची तारीख घेतली."

"तेव्हाच? तुला काय माहीत, मी नकाशात गोंधळ घालणार आहे?"

"कसला नकाशा?" ताई म्हणाली. "अरे, माझ्या लग्नाचे कपडे तू मला लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला दिलेस."