डिटॅच न करणारे देवराव सर

मुलाने डिटॅच लिहिलेलं दिसलं की देवराव सर सरळ त्याचा कॉम्प्युटर बंद करायचे. मुलगा काळ्या स्क्रीनमध्ये स्वतःचंच तोंड बघत बसायचा.

आदिलाबादच्या एका खासगी कॉलेजात आम्ही दोघं सी प्लस प्लस शिकवायचो. प्रोग्रॅम एकाच वेळी दोन-तीन कामं करतो, त्यातल्या प्रत्येक कामाला थ्रेड म्हणतात. थ्रेड जोडून ठेवला तर मुख्य प्रोग्रॅम त्याच्यासाठी थांबतो. डिटॅच केला की तो मोकळा. पण मुख्य प्रोग्रॅम बंद झाला, की हा मोकळा सुटलेलाही अर्ध्यातच मरतो.

“सोडून काऊन देऊन राह्यला बे त्याले? काम झालं का नाई, कोन पाह्यन?” सर ओरडायचे.

गुडीहत्नूरला सहल नेली तेव्हा बस सुटायच्या आधी त्यांनी तीनदा मुलं मोजली. तिसऱ्यांदा ड्रायव्हर तेलुगूत काहीतरी बोलला. ते चांगलं नसावं. आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्याने मी.

परीक्षेचे फॉर्म विद्यापीठाला पाठवायचा प्रोग्रॅम सरांनीच लिहिलेला. एक फॉर्म पोचेपर्यंत दुसरा घ्यायचा नाही, म्हणून ऑफिसची रोज कटकट. शेवटच्या दिवशी सर रजेवर होते. मी फॉर्म पाठवणारे थ्रेड डिटॅच करून टाकले. काम पळायला लागलं, प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली. पाच वाजता ऑफिसने प्रोग्रॅम बंद केला आणि वाटेत असलेले नऊ फॉर्म गेलेच नाहीत. नऊ मुलांचं वर्ष बुडालं.

प्रोग्रॅम सरांचा, म्हणून नोकरीही सरांची गेली. मी गप्प बसलो. माझ्या भित्रेपणाला मी तेव्हा संसार म्हणत होतो.

सर सामान न्यायला आले तेव्हा स्टाफरूममध्ये मी एकटाच होतो.

“फाईल पाह्यली मी,” ते म्हणाले. “तुमचं काम हाय थे. मले मालूम हाय.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमाले लेकरं हायत. मी एकला माणूस.” त्यांनी पिशवीतून डबा काढला. “आठ वर्सं इथं एकलाच जेवलो. आज बसता का सोबत? ज्वारीची भाकर हाय.”

मला त्यांच्याकडे बघवेना. “तास आहे,” म्हणालो आणि बाहेर पडलो.

त्या दुपारी मला एकही तास नव्हता. आणि वेळापत्रक सरांच्या समोरच्याच भिंतीवर लावलेलं होतं.