दोन दर्यांचा नळ कुंपणापाशी अडला, त्याची हकीकत

दोन्ही दर्ये साक्ष. आपली मर्जी बहुत दिवसांची की, पनामा देशी चिरिकी प्रांती एका दर्यापासोन दुसरे दर्यापावेतो तेलाचा नळ गेला तो कैसा गेला, कोणी शर्थ केली, कोण नामोहरम जाहले, हे साकल्ये लिहावे. तरी सेवक या मुलखी बहुत काळ राहोन, येथील चिखलात बूट हरवोन, जे डोळां देखिले आणि दुकानाचे ओट्यावर ऐकिले ते लिहितो. अधिक उणे वाटल्यास वाचणाराने आपले पदरचे घालावे. बखरकारास त्याचा राग नाही.

ते समयी उत्तरेस बर्फाचे मुलखी तेल निघाले, आणि ते पूर्वेकडील शहरांस पोंचविणे प्राप्त जाहले, आणि जहाजे इतकी माजली होती की पनामाचे कालव्यात शिरेनात. कालवा खोदोन पिढ्या लोटल्या होत्या, परंतु जहाजे बांधणारांस कोणी पुसिले नाही की बाबांनो, आधी दार मोजिले काय? मग नळवाल्या कंपनी सरकारांनी फर्मान काढिले की, पासिफिकचे किनारी तेल उतरावे, नळातून डोंगर चढवावे, आणि कारिबी दर्याचे किनारी दुसऱ्या जहाजात भरावे. या मोहिमेची सरलष्करी टेक्सास मुलखीचे व्हेंडेल साहेब, आजानुबाहू, उन्हाने ताम्रवदन, यांजकडे आली.

साहेबांनी नकाशावर रेघ ओढिली आणि निकानोर मुकादम यांस हुकूम केला की, रेघेबरहुकूम खुंट मारीत जाणे. खुंट कोणत्या लाकडाचा, हे हुकुमात नव्हते. निकानोरांनी सर्व चिरिकी करितो तेच केले. बालोचे, म्हणजे आपलेकडील गिरीपुष्पाचे, ओले दंड तोडिले आणि ठोकिले. या मुलखी खुंट म्हणजे बालो आणि बालो म्हणजे कुंपण. आज दंड ठोकावा, पावसाळ्यात त्यास पालवी फुटावी, वर तार मारावी, आणि नातवाने त्याचे सावलीस बसावे, ऐसी येथील रीत. मग पाऊस आला, डोंगर वितळो लागला, आणि साहेबांची फौज दाविद शहरी छावणीस गेली.

पाऊस सरला आणि साहेब परतले, तो नकाशावरील रेघ हिरवीगार, गुलाबी फुलांनी लगडलेली, डोंगरावरोन डोंगरावर गेलेली. साहेबांनी टोपी काढिली.

"ही झाडं कोणी लावली?"

"तुम्हीच, साहेब."

"मी खुंट मारायला सांगितलं होतं."

"खुंटच आहेत. जरा मोठे झालेत."

ठिकठिकाणी झाडे उपटोन नळ पुढे गेला. परंतु केब्रादा ओंदा या गावी दोन्या ओरिस्तेला या विधवा बाईंचे कुरणापाशी घोडे पेंड खाऊ लागले. त्याचे कारण ऐसे. बाईंचे कुरण आणि शेजारी दॉन बेलिसारिओ यांचे कुरण, यांमधील जुने कुंपण ओढ्याचे पुरात वाहोन गेले होते, आणि मधोमध एक झरा होता, आणि झरा कोणाकडचा यावरोन हरदूंचे बिनसले होते. पूर्वी बेलिसारिओ बाईंचे यजमानांचे, एरास्मोंचे, जिवलग. बाईंचे लेकीस बाप्तिस्म्याचे वेळी त्यांनीच हाती धरिले, तेणेकरोन उभयतां एकमेकांस कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणत, आणि हे नाते येथे रक्ताचे नात्याहून घट्ट. भांडण जाहल्यावर तो बाईंस परक्यासारिखे "दोन्या", म्हणजे बाईसाहेब, म्हणो लागला, आणि एरास्मो वारले तेव्हा नऊ दिवसांचे प्रार्थनेस एक दिवसही आला नाही.

मग साहेबांचे खुंट झऱ्याचे पलीकडोन गेले, आणि रुजले, आणि बाईंनी विचार केला की देवाने दिधले ते का सोडा, म्हणोन तार ठोकिली. झरा बाईंकडे आला. रुजलेले कुंपण तोडणे या मुलखी पाप, म्हणोन बेलिसारिओ दात ओठ खाऊन गप्प बसला आणि आपली गुरे दूर उताराखाली नदीवर नेऊ लागला. बाईंस उतार झेपत नव्हता, गुडघे गेलेले. उन्हाळ्यात झरा हाताबाहेर गेला तर गाई विकणे आणि लेकीकडे शहरात जाऊन बसणे, याखेरीज गति नव्हती. हे सारा गाव जाणत होता.

नळ उत्तरेकडोन आला, दक्षिणेकडोन आला, आणि मध्ये हे एक कुरण राहिले. बाईंनी कुंपणाखाली खुर्ची मांडोन तेथेच शेंगा सोलावयास घेतल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी. साहेब जातीने चालोन गेले आणि लोखंडी खांबांचे नवे कुंपण देऊ केले.

"लोखंडाला पाला फुटतो का?" बाईंनी पुसिले.

"नाही."

"मग त्याला कुंपण कोण म्हणेल?"

दुसरीकडे बेलिसारिओंनी साहेबांचे छावणीत कॉफी आणि तळलेल्या पुऱ्या धाडोन विनंती केली की, मुलखाची तरक्की व्हावी, तेल जावे. ज्यास आपले कंदिलात तेल आहे की नाही हे ठाऊक नसे, तो एकाएकी तेलाचा मोठा कैवारी जाहला. साहेबांचा नियम ऐसा की नळावर एकही मूळ नसावे, पट्टा बोडका असावा. तेव्हा कुंपण एक तर बाईंचे बाजूस सरकावे, म्हणजे झरा गेला. नाही तर बेलिसारिओचे बाजूस, आणि तो म्हणे प्राण गेला तरी वीतभर देणार नाही. साहेबांची झोप उडाली आणि दर्यावर जहाजे तिष्ठत राहिली.

मग बाईंनी मसलत केली आणि निकानोरांकरवी गावभर आवतण धाडिले की, कुंपण नव्याने लावणे आहे, आमची हुंता आहे. हुंता म्हणजे एकाने हाक द्यावी, सर्वांनी राबावे, आणि जेवोन जावे. हाकेस जो न येईल त्याचे छप्पर शाकारावयास पुढे कोणी येत नाही. बेलिसारिओंस निरोप वेगळा गेला. "सांग त्याला, गुआचोचा भात आहे, डुकराचं मांस घालून. नाही आला तर पावसाळ्यात डोक्यावर भांडं धरून बस म्हणावं."

दुसरे दिवशी सारा गाव कोयते घेऊन हजर जाहला, आणि बेलिसारिओ खांद्यावर पहार टाकोन सर्वांचे मागोन आला, आणि साहेबही आले, कारण आवतण त्यांसही होते. साहेबांचे तळहातास फोड आले. गावाने ते आदराने पाहिले. जुन्या झाडांच्या फांद्या तोडोन नवे खुंट केले. मग बाई लंगडत झऱ्यापाशी गेल्या आणि एक खुंट बेलिसारिओचे हाती दिधला.

"पहिला तू मार."

"कुठे?"

"तुला बरं वाटेल तिथे. मी तोंड उघडणार नाही. पण रुजल्यावर तूही उघडायचं नाही."

ही मसलत की भोळेपण, हे सेवकास अद्याप कळले नाही. बाईंचा सर्व संसार त्या दंडावर होता आणि दंड वैऱ्याचे हाती. बेलिसारिओने झऱ्याकडे पाहिले. त्याचे काठचे दगड तरुणपणी त्याने आणि एरास्मोने खांद्यावरोन आणोन बसविले होते, त्यावर आता शेवाळ होते. त्याने पहार पुन्हा खांद्यावर घेतली. मग झरा ओलांडिला, नळाचा पट्टा ओलांडिला, आपले कुरणात शिरला, आणि चांगले आत जाऊन पहार मारिली.

"वेड लागलं का तुला? इतक्या आत?" बाई, ज्या तोंड उघडणार नव्हत्या, त्या ओरडल्या. "तुझी गुरं पाणी कुठे पिणार?"

"नदीवर. सवय झालीय त्यांना."

"सवय म्हणे. हाडं निघालीत त्यांची. फाटक ठेव तिथे."

"फाटक कोणासाठी?"

"गाईंसाठी. तुझ्यासाठी नाही."

फाटक ठेविले. मग पंगत बसली, मक्याचे पेय, चिचा, फिरले, आणि बाईंनी गुआचोचे भांडे स्वहस्ते बेलिसारिओपुढे ठेविले. त्याने चमचा हाती घेतला आणि खाली ठेविला.

"कोमाद्रे, एरास्मोच्या प्रार्थनेला मी आलो नाही."

"माहीत आहे, कोंपाद्रे. जेव, निवतंय."

तो जेवला, आणि रडत जेवला, आणि आणखी वाढून घेतले. साहेबांस येथील भाषा कामापुरतीच कळे; त्यांनी मिरची तिखट असेल ऐसे समजोन पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढे नळास नळ जडला आणि तेल एका दर्याहून दुसऱ्या दर्यास गेले. राजधानीत मोठमोठ्या उमरावांनी पेले उंचावोन भाषणे केली की, दोन महासागर एक जाहले. केब्रादा ओंदा येथे त्या तेलाचा थेंब कोणी देखिला नाही. तेथील फत्ते सेवक खाली नमूद करितो: झरा ओरिस्तेला बाईंकडे राहिला, गाई विकाव्या लागल्या नाहीत, आणि रोज सकाळी बेलिसारिओ आपली गुरे फाटकातून झऱ्यावर आणितो. गुरे केव्हाच पिऊन होतात. तो मात्र दुपारपर्यंत बाईंचे ओसरीवर कॉफी पीत बसतो.