चाळलेली माती

गजभियेबाबूंनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, तेव्हा आमची ओळख होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तोवर ते माझ्या चपलांशीच बोलत. "काहून गा, डाव्या टाचेवर जोर देऊन राहिला? उजवा पाय दुखते काय?" मी दचकायचो. खरंच दुखत असायचा, हे आणखी वाईट.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबू आमच्या सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. कचेरी सिव्हिल लाइन्समध्ये, घर गावातल्याच इंदोऱ्याच्या वस्तीत आणि जीव पेंचच्या जंगलात, असा त्यांचा संसार तीन ठिकाणी वाटलेला होता. दर उन्हाळ्यात जंगलात वाघांची मोजणी व्हायची. तेव्हा मोजणी म्हणजे पावलांचे ठसे. त्यासाठी हौशी माणसं लागत आणि बाबू ती आमच्या कचेरीतून गोळा करत. माझी निवड काही गुणांवर झाली नाही. "तुह्या चपला वाजत नाही," एवढंच ते म्हणाले आणि मला घेऊन गेले.

मी निघालो वाघ बघायला आणि हातात आली पिठाची चाळण. जंगलातल्या वाटेवर संध्याकाळी चाळलेली माती पसरायची, हाताने सारखी करायची आणि सकाळी जाऊन बघायचं, रात्री कोण येऊन गेलं. माती चाळून चाळून माझ्या नाकाडोळ्यांत गेली.

"बाबू, आपण वाघाले गालिचा आंथरून राहिलो काय?" मी कुरकुरलो.

"मग? पाहुण्याले गोट्यावरून चालवशील काय?" बाबू माझ्या गुडघ्यांकडे पाहून म्हणाले.

ठसा मिळाला की त्यावर काच धरून रेघ काढायची. हवा तर पत्र्याचं कडं लावून प्लास्टर ओतायचं, म्हणजे पंजाचा साचा तयार होतो. पहिल्याच सकाळी मला एक भलामोठा ठसा सापडला. मी कुणाला न विचारता प्लास्टर कालवलं, ओतलं, वाळेपर्यंत उन्हात बसून राहिलो आणि तो साचा तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून मुक्कामावर आणला. बाबूंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"सुंदर उतरला," ते म्हणाले. "शेरू आहे. नाक्यावरच्या चौकीदाराचा कुत्रा. मोठं गुणी जनावर आहे."

त्या दिवशी मुक्कामावर सगळे माझ्याकडे बघून भुंकत होते. पण दुसऱ्या दिवशी नाल्याकाठी वाघिणीचा ठसा मिळाला, अगदी ताजा. मी प्लास्टरकडे धावलो, तर बाबूंनी हाताला धरून थांबवलं. काचेवर रेघ काढून घेतली आणि ठशावर टोपलं पालथं घातलं.

"साचा नको. ही रोज येते इथं पाण्याले. जो निघून जाईल अन् परत येणार नाही, त्याचा साचा घ्यायचा. येणाऱ्यावर नुसतं टोपलं झाकायचं."

हा काही खात्याचा नियम नव्हता. बाबूंचा होता.

त्यांच्या घरी गेल्यावर तो नियम नीट कळला. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर साचे. बिबट, अस्वल, सांबर होतेच. शिवाय बदली होऊन गेलेल्या मोठ्या साहेबांचा बूट होता, सेवानिवृत्त शिपायाची फाटकी चप्पल होती, गल्ली सोडून गेलेल्या शेजाऱ्यांची बकरी होती. मी आपलं सहज विचारलं, "अन् वहिनींचा?" बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी शालू, तिला त्यांनी एकट्यानेच वाढवलं होतं.

बाबू फळीवरची धूळ पुसत राहिले. "तिचा राहून गेला गा. रोज इथंच तर चालून राहिली होती. कोणाले माहीत होतं?"

शालूने चहा आणून ठेवला, तो मी त्या फळ्यांकडे बघत प्यायलो.

मग शालूसाठी बिलासपूरचं स्थळ आलं. पाहुणे यायच्या दिवशी बाबूंनी काय करावं? फाटकापासून दारापर्यंत चाळलेली माती पसरली. पाहुणे बिचारे त्यावरून चालत आले आणि सतरंजीवर मातीने पांढरे झालेले तळवे घेऊन बसले. पोहे आले, चहा आला, पण मुलीचा बाप कुठे दिसेना. मी दारातून डोकावून पाहतो तर बाबू अंगणात उकिडवे, हातात काच. आत मुलाची मावशी कुजबुजली, "इनका दिमाग तो ठीक है ना?" शालूने कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न.

एवढ्यात मुलगा उठून बाहेर आला आणि बाबूंच्या शेजारी उकिडवा बसला. "क्या दिख रहा है, बाबूजी?"

"तुमच्या आईचे गुडघे दुखते," बाबू म्हणाले. "तुमची ढांग मोठी आहे, पण तुम्ही तिच्या बाजूनं बारीक बारीक पावलं टाकत आले. इथं थांबले. तिले दम लागला असेल." मग वर न बघताच आत हाक मारली, "शालू, मले पोरगा पसंत आहे वं. तू आपलं सांग."

शालू लाजायची सोडून हसत सुटली. ठरलं लग्न.

लग्नात पांढऱ्या साडीतली शालू फार गोड दिसत होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. निघायची वेळ आली तशी बायका रडू लागल्या, आणि बाबू पुन्हा अंगणात माती पसरत होते. लोकांनी तोंडं फिरवली. शालू मात्र समजली. तिने चपला हातात घेतल्या आणि त्या मातीवरून हळूहळू, एकेक पाऊल नीट टाकत फाटकाबाहेर गेली. टांगा वळणाआड गेला तरी बाबू खालीच बघत होते.

मी पिशवीत प्लास्टर नेलं होतं. वहिनींचा साचा राहून गेला होता ना, म्हणून. माणसं पांगल्यावर मी जवळ गेलो आणि हळूच विचारलं, "बाबू, कालवू काय?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"काहून गा? ती काय परत येणार नाही काय?"

आणि कोपऱ्यातलं टोपलं आणून त्यांनी शालूच्या पावलावर पालथं घातलं. मला माझ्या त्या प्लास्टरच्या पिशवीची अशी लाज वाटली की ती मी घरी जाईपर्यंत पाठीमागे धरली होती.

पावसाळ्यात ते अंगण किती वेळा धुऊन निघालं असेल. टोपलं मात्र जागचं हललं नाही. येणारे जाणारे त्याला ठेचकाळत आणि बाबूंची बोलणी खात.

थंडी सुरू झाली तेव्हा एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. टोपलं भिंतीला टेकवलेलं होतं आणि बाबू फाटकाजवळ बसून माती चाळत होते. डोक्यापासून मिशीपर्यंत सगळे पांढरे झाले होते. मी फाटक उघडलं तसं त्यांनी मान वर न करताच माझ्या चपला ओळखल्या.

"बाजूनं ये गा," ते म्हणाले. "दुपारच्या गाडीनं शालू येऊन राहिली."