कमळाकर सरांची सूर्यचूल

शेजारच्या धोंडीच्या शेगडीला निळी ज्योत लागली आणि त्या दिवसापासून कमळाकर सरांच्या पोटात दुखू लागलं.

साल २००६. टोकावड्यात वीज दिवसातून बारा तास गायब, आणि सिलिंडर मुरबाडहून यायला दीड महिना. अशात चौथी पास धोंडीने चार म्हशींच्या जिवावर गोबरगॅस बसवला. सर भौतिकशास्त्रातले पीएच.डी. कल्याणच्या कॉलेजात तीस वर्षं ऊर्जा हाच विषय शिकवलेले. (प्रयोगशाळेतला बर्नर मात्र शिपाई पेटवून द्यायचा.) पण खर्च किती, सबसिडी किती, शेणाच्या पाट्या किती, हे विचारायला सगळं गाव धोंडीच्या ओट्यावर. सरांचं फाटक कुणी उघडेना.

सरांनी वही काढली. गोबरगॅसला गुरं हवीत; सरांकडे एक मांजर. सोलर पॅनेल उत्तम, पण त्याच्या बॅटऱ्या चार-पाच वर्षांनी पेन्शन खाणार. पवनचक्की लावावी, तर वारा सगळा माळशेज घाटात. दोन महिने नुसत्या बेरजा चालल्या.

"आता वहीच शिजत लावू का?" सरांच्या पत्नी सुंदराबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात तापवायच्या दुधाचं पातेलं होतं आणि पाय रोजच्यासारखे धोंडीच्या घराकडे वळलेले होते.

ते पातेलं सरांना फार लागलं. त्यांनी कल्याणच्या प्रदर्शनातून सूर्यचूल आणली. आतून काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. इंधनखर्च शून्य. हे शून्य त्यांनी वहीत तीनदा गिरवलं आणि रविवारी वरणभाताला दहा माणसं बोलावली. खरं आमंत्रण एकट्या धोंडीला होतं. बाकीचे नऊ साक्षीदार.

रविवारी सकाळी सर आरशाचा कोन लावत होते, तेव्हा धोंडी कुंपणाशी आला. "सर, आज राब भाजू का? तुमाला तरास नाय ना?"

भाताचं बी पेरायच्या आधी त्या जागेवर शेण आणि पालापाचोळा पसरून पेटवायचा, ही तिकडची दरसालची रीत. सरांना वाटलं, हा जेवण चुकवायला निमित्त शोधतोय.

"खुशाल भाज," ते म्हणाले, "पण साडेबाराला इथे हजर पाहिजेस."

साडेबाराला धोंडी हजर होता. सूर्य नव्हता. राबाचा धूर कुंपण ओलांडून अंगणात येऊन बसला होता. एक वाजता सरांनी काच उघडली. तांदूळ कोमट पाण्यात सुखाने डुंबत होते. पाहुणे जमेल तितक्या अदबीने खोकत होते. धुराला दोष द्यावा, तर परवानगी स्वतःच दिलेली. (शिवाय कडक ऊन असतं तरी शिजलं असतं का, ही शंका होतीच.)

"माजीच चूक झाली, सर," म्हणत धोंडीने पेटीतले वरणाचा आणि भाताचा असे दोन्ही डबे उचलले. अर्ध्या तासात वाफाळता वरणभात परत आला. निम्मं उन्हावरच शिजलेलं होतं, आपण नुसतं गरम केलं, असंही त्याने पंगतीत आपणहून सांगितलं. सरांना घास गिळवेना, कारण भात फार छान झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. चार माणसं, पुढे कालच्या पंगतीतला रामा. सरांनी घाईने इस्त्रीचा सदरा चढवला, खुर्च्या मांडल्या, वही मांडीवर घेतली.

रामा जरा घुटमळला. "सर, येक काम होतं. ते तुमच्याशिवाय कुनाला जमायचं नाय."

सरांनी वहीचं कोरं पान उघडलं. "बोल ना रे."

"गोबरगॅसचा मिस्त्री शनवारी धोंडीकडं येतोय. आमचा नंबर पैला लावायला सांगा धोंडीला. आमचं तो आयकत नाय. तुमी तर रोजचे त्याच्या शेगडीवरचे."